'सगळं काढलंय' म्हणाले, मग किमो कशाला? जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या किमोबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६१ वर्षांचे, जठराचा कॅन्सर, चार आठवड्यांपूर्वी ऑपरेशन होऊन जठराचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या, रिपोर्टमध्ये टी३ एन२, २८ पैकी ५ गाठींमध्ये कॅन्सर, कडा क्लिअर. सर्जन म्हणाले सगळं काढलंय, आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणाले आता किमो घ्या. वजन ६४ वरून ५५ किलोवर आलंय, घरात दोन तट पडलेत, आणि तुम्हाला विचारायचंय की किमो खरंच लागणार का, गोळ्या बऱ्या की सलाईन, आणि त्यांना झेपेल का. शिवाय बाबा स्वतः विचारतायत की कामावर कधी जाऊ. मी गेली २२ वर्षं कॅन्सरच्या पेशंटना किमो देतेय, त्यामुळे थोडं लांबेल पण सविस्तर लिहिते, कारण ह्यातल्या 'झेपेल का' ह्या प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि माझ्या अनुभवात गाडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

आधी 'सगळं काढलंय' बद्दल. सर्जन खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या डोळ्याला जे दिसलं, हाताला जे लागलं आणि मायक्रोस्कोपखाली कडांना जे तपासलं, ते सगळं निघालंय, आणि ते तसं निघालं नसतं तर आज आपण वेगळंच बोलत असतो. २८ गाठी तपासल्या हेही चांगलं झालं, कमीत कमी १६ तरी तपासल्या जाव्यात असा दंडक आहे, नाहीतर स्टेजवरच भरवसा ठेवता येत नाही. पण आता रिपोर्टच्या त्या दोन अक्षरांकडे बघा. टी३ म्हणजे कॅन्सर जठराच्या भिंतीचे थर ओलांडत सगळ्यात बाहेरच्या आवरणाच्या अगदी खालपर्यंत पोचला होता. एन२ म्हणजे ३ ते ६ गाठींमध्ये पेशी सापडल्या. दोन्ही मिळून स्टेज ३ए. ज्या पेशी जठरातून निघून पाच गाठींपर्यंत गेल्या त्यातल्या काही रक्तातून पुढे किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर गेल्याच नसतील, असं छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही. तुम्ही म्हणालात स्कॅन स्वच्छ आहे, पण स्कॅनला काही मिलिमीटरच्या खालचं दिसतच नाही आणि एक सेंटिमीटरच्या गाठीतसुद्धा कोट्यवधी पेशी असतात. किमो आहे ती ह्या न दिसणाऱ्या पेशींसाठी. काढलेल्या जठरासाठी नाही.

आता आकडे, आणि मी ओपीडीत कागदावर काढून दाखवते तसेच सांगते. कोरिया, चीन आणि तैवानमध्ये मिळून १,०३५ पेशंटची क्लासिक नावाची ट्रायल झाली. सगळ्यांचं डी२ ऑपरेशन झालेलं, म्हणजे गाठींची नीट, पूर्ण साफसफाई. त्यातल्या निम्म्यांना नंतर सहा महिने कॅपेसिटाबीन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन दिलं, निम्म्यांना नुसतं फॉलोअपला बोलावलं. पाच वर्षांनी नुसत्या ऑपरेशनवाल्या १०० पैकी ६९ हयात होते, किमोवाल्या १०० पैकी ७८. जपानमध्ये त्याच्या आधी १,०५९ जणांवर एस-१ ह्या औषधाची ट्रायल झाली होती, तिचे निकाल २००७ मध्ये आले, आणि तिथे पाच वर्षांनी ६१ विरुद्ध ७२ असा हिशोब निघाला. मी कागदावर १०० ठिपके काढते, ६९ भोवती एक रेघ मारते की हे किमो न घेताही असणारच होते, पुढच्या ९ भोवती दुसरी रेघ की हे किमोमुळे आहेत, आणि मग उरतात २२, ज्यांनी किमो घेतली तरी पाच वर्षं पूर्ण झाली नाहीत. हे २२ दाखवताना माझा हात आजही जड होतो, पण ते न दाखवता नुसतं 'किमो घ्या, बरं होईल' म्हणणं मला पटत नाही. बाबा ह्यातल्या कुठल्या रेघेच्या आत आहेत हे आज ओळखायची खात्रीची तपासणी नाहीये, म्हणून ९ जणांचा जीव वाचवायला १०० जणांना किमो द्यावी लागते.

आणि हो, हे आकडे जसेच्या तसे बाबांना चिकटवू नका. दोन्ही ट्रायलमध्ये स्टेज २ चे पण बरेच पेशंट होते, त्यांचं मुळातच बरं चालतं. स्टेज ३ मध्ये आजार परत यायची शक्यता जास्त असते, त्यामुळे किमो सोडून देण्याची जोखीमही जास्त. तुम्ही सरळ विचारलंय म्हणून सरळ सांगते, ६१ वय, बाकी तब्येत ठीक, किडनी-लिव्हर ठीक आणि स्टेज ३ए, अशा माणसाला मी किमो घ्याच म्हणते. 'ऑपरेशन झालंय, आता शरीराला आराम द्या' असं जे घरातले म्हणतायत त्यांचा जीव तुटतोय म्हणून ते म्हणतायत हे मला कळतं, पण पुढची दोन-तीन वर्षंच अशी असतात की आजार परत आला तर बहुतेक वेळा त्याच काळात येतो, आणि परत आल्यावर जी किमो देतो ती आजार लांबवायला असते, बरं करायला फार क्वचित. बरं करायची संधी आत्ता आहे.

गोळ्या की सलाईन. लोकांना वाटतं गोळ्या म्हणजे सौम्य आणि सलाईन म्हणजे कडक, तसं काही नसतं. कॅपेसिटाबीनची गोळी पोटात गेल्यावर शरीर तिचं शेवटी ५-एफयूच बनवतं, तेच औषध जे कित्येक दशकं सलाईनमधून दिलं जातंय. एस-१ मध्येही मूळ तेच, टेगाफूर नावाचं औषध आणि सोबत दोन मदतनीस, एक ते लवकर मोडू नये म्हणून आणि एक आतड्याला त्रास कमी व्हावा म्हणून. म्हणजे घरी गोळ्या घेतोय म्हणजे किमो घेत नाहीये असं समजू नका, जुलाब, तोंड येणं, पांढऱ्या पेशी कमी होणं हे गोळ्यांनीही होतं, आणि घरी असल्यामुळे बघायला नर्स नसते एवढाच काय तो फरक.

तुमच्यापुढे साधारण दोन रस्ते आहेत. पहिला कॅपॉक्स, म्हणजे २१ दिवसांतून एकदा ऑक्सॅलिप्लॅटिनची दोन तासांची सलाईन, त्याच दिवसापासून १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबीन, मग ७ दिवस सुट्टी, अशा ८ सायकल. दुसरा एकटं एस-१, ४ आठवडे औषध आणि २ आठवडे सुट्टी, असं वर्षभर. पाच गाठी पॉझिटिव्ह आणि वय ६१ बघता मी कॅपॉक्सकडे झुकेन. स्टेज २ असती, वय पंचाहत्तरच्या पुढे असतं किंवा डायबेटिसमुळे पायाला आधीपासून मुंग्या असत्या तर एस-१ म्हटलं असतं. स्टेज ३ मध्ये एस-१ ला डोसीटॅक्सेल जोडून जपानमध्ये बघितलं, २०१९ मध्ये निकाल छापून आले, आजार परत येण्याचं प्रमाण एकट्या एस-१ पेक्षा कमी झालं, त्यामुळे स्टेज ३ ला एकटं एस-१ थोडं कमी पडतं हे माझं मत आणखी पक्कं झालं. तुमच्याकडे कुठलं औषध मिळतं आणि तुमच्या डॉक्टरांचा हात कशावर बसलाय हेही महत्त्वाचं आहे, ज्यांना एखादा प्रोटोकॉल रोज द्यायची सवय आहे ते त्यातले खाचखळगे आधीच ओळखतात. आणि कोणी म्हणालं की एस-१ वर्षभर कशाला, सहा महिन्यांत उरका, तर तेही तपासून झालंय. स्टेज २ च्या पेशंटमध्ये सहा महिने आणि वर्ष अशी तुलना केली तेव्हा तीन वर्षांनी आजारमुक्त असलेले वर्षवाल्यांत ९३ टक्के होते आणि सहा महिनेवाल्यांत ९० टक्के. फरक लहान वाटेल पण वर्षच बरं ठरलं.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण तुम्ही कुठेतरी वाचणारच. युरोपात निम्मी किमो ऑपरेशनच्या आधी आणि निम्मी नंतर देतात. तिथला सध्याचा प्रोटोकॉल फ्लॉट, चार औषधं, दर दोन आठवड्यांनी, ४ सायकल आधी आणि ४ नंतर, आणि २०१९ मध्ये जर्मनीतून आलेल्या निकालात जुन्या प्रोटोकॉलच्या ३५ महिन्यांच्या जागी मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ, ५० महिने मिळालं. मग आमच्या बाबांना आधी का नाही दिली म्हणून हळहळत बसू नका. आधी ऑपरेशन करून मग किमो हाही सिद्ध झालेला रस्ता आहे, वरच्या दोन्ही ट्रायल त्याच्याच आहेत. पण ह्याच पद्धतीच्या एका जुन्या युरोपियन ट्रायलमधून एक धडा मात्र मी घेतला. २००६ च्या मॅजिक ट्रायलमध्ये आधीच्या आणि नंतरच्या मिळून सहाच्या सहा सायकल पूर्ण करणारे निम्म्याहून कमी होते. आधीच्या तीन बहुतेकांनी घेतल्या. गळती झाली ती ऑपरेशननंतर. जठर नसलेल्या शरीराला किमो पेलणं हीच ह्या आजारातली खरी लढाई आहे.

म्हणून 'झेपेल का'. ६४ चे ५५ म्हणजे १४ टक्के वजन चार आठवड्यांत गेलं. जपानी सर्जननी बघितलंय की पहिल्या महिन्यात १५ टक्के किंवा जास्त वजन गेलेल्यांचं एस-१ लवकर बंद पडतं, म्हणजे बाबा काठावर आहेत. माझ्याकडे आले असते तर पहिल्या भेटीत मी औषधांबद्दल दहा मिनिटं आणि खाण्याबद्दल अर्धा तास बोलले असते.

जठर हे कोठार असतं, आलेलं अन्न साठवायचं आणि थोडं थोडं पुढे सोडायचं. ते गेलं किंवा लहान झालं की अन्न धाडकन आतड्यात उतरतं. जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांत पोटात कळ, धडधड, दरदरून घाम, आडवं व्हावंसं वाटणं, हे त्यामुळे. आणि एक ते तीन तासांनी हातपाय थरथरणं, डोळ्यापुढे अंधारी, हे साखर आधी चढून मग एकदम खाली गेल्यामुळे. बऱ्याच घरांत हे सगळं किमोच्या खात्यावर मांडलं जातं आणि किमो बंद करा म्हणून फोन येतो, खरं तर किमो सुरू व्हायच्या आधीपासून ते होत असतं. उपाय साधे आहेत पण रोज करायला लागतात. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, नीट चावून, जेवणासोबत पाणी नाही, पाणी अर्धा-पाऊण तास आधी किंवा नंतर, गोड पेयं बंद, प्रत्येक वेळच्या खाण्यात प्रोटीनचं काहीतरी हवंच. जेवून लगेच घाम-धडधड होत असेल तर पंधरा-वीस मिनिटं आडवं पडलेलं बरं, आणि ज्यांना आंबट-कडू पाणी वर येतं त्यांनी मात्र बसूनच राहायचं.

दुसरी गोष्ट बहुतेकांना कोणी सांगतच नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः जठरातच बनतं. जठर गेलं की तो निरोपच जात नाही. 'भूक लागली की मागतील' म्हणून तुम्ही थांबलात तर ते मागणारच नाहीत, आणि ताट परत केलं म्हणून आई चिडली तर तिला सांगा की हा हट्ट नाहीये, आत घंटा वाजवणाराच गेलाय. त्यामुळे घड्याळ लावून खायचं, गोळी घेतो तसं. एका पेशंटची बायको दर रविवारी सकाळी त्यांचं वजन करायची आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूला मार्करने लिहायची, म्हणजे गोळी काढताना रोज आकडा डोळ्यासमोर. तिसऱ्या सायकलला तिने तो डबाच माझ्या टेबलावर उलटा ठेवला, ५२.४, ५१.८, ५०.९, आणि म्हणाली डॉक्टर हे बघा. रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल होते, मी तशीच सायकल देऊन मोकळी झाले असते. त्या दिवशी सायकल एक आठवडा पुढे ढकलली, डोस कमी केला, डाएटिशियनला बोलावलं, स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू केल्या कारण विचारल्यावर कळलं की शौचाला तेलकट होतंय, आणि त्या माणसाने आठही सायकल पूर्ण केल्या. तुमच्या बाबांना ऑपरेशनच्या वेळी आतड्यात खाण्याची नळी बसवली असेल तर 'आता तोंडाने खातायत' म्हणून घाईने काढू नका, पहिल्या दोन सायकल होऊ द्या.

किमो कधी सुरू करायची, तर ट्रायलमध्ये ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत केली होती, तेच धरून चाला. जखम भरलीय, टाक्यातून गळती नाही, ताप नाही, वजन निदान घसरायचं थांबलंय, एवढं हवं. ह्यासाठी आठव्या आठवड्यापर्यंत गेलं तरी मी जीवाला लावून घेत नाही, पण 'अजून ताकद येऊ दे' करत तीन-चार महिने काढले तर मग फायदा किती उरतो हे सांगणं अवघड होतं.

डोसबद्दल. किमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात. पहिल्या दिवशी नर्सला विचारा कुठलं वजन धरलंय. फाइलवर ऑपरेशनआधीचं ६४ लिहिलेलं असतं आणि हिशोब त्यावर होतो, असं मी स्वतः पकडलेलं आहे. आजचं ५५ धरायचं. आणि मध्ये डोस कमी केला, सायकल आठवडाभर पुढे गेली, तर किमो फसली असं अजिबात समजू नका. क्लासिक ट्रायलमध्ये १०० पैकी ९० जणांचा डोस कुठे ना कुठे कमी-जास्त करावा लागला, आठही सायकल ६७ जणांना मिळाल्या, आणि वरचा तो ९ जणांचा फायदा ह्या सगळ्या कमी-जास्तीसकट आलेला आहे. पेशंट त्रास लपवतात तो ह्याच भीतीने की सांगितलं तर डॉक्टर औषध कमी करतील.

लपवण्यावरून आठवलं. ऑक्सॅलिप्लॅटिनने नसांना त्रास होतो. सुरुवातीला तो थंडीशी जोडलेला असतो, सलाईननंतर तीन-चार दिवस थंड पाणी प्यायलं, फ्रिजमध्ये हात घातला, गार धातूला हात लागला की करंट लागल्यासारखं होतं, कधी घशात असं आखडतं की श्वास अडकल्यासारखं वाटतं. श्वास अडकलेला नसतो, कोमट पाणी प्या, शांत बसा, जातं. ही आधी सांगायची गोष्ट आहे, न सांगितलं तर पेशंट मध्यरात्री घाबराघुबरा होऊन कॅज्युअल्टीत येतो. नंतरचा त्रास वेगळा, तो साठत जातो. पाचव्या-सहाव्या सायकलपासून बोटांच्या टोकांना बधिरपणा येतो आणि दोन सायकलच्या मध्येही जात नाही. एक गृहस्थ प्रत्येक वेळी 'थोड्या मुंग्या आहेत' एवढंच म्हणायचे. सातव्या सायकलला त्यांना बीपी बघायला शर्टाची बाही वर घ्यायला सांगितलं, त्यांनी हात मुलाकडे केला आणि मुलाने न बोलता मनगटाचं बटण काढलं. दोन महिने मुलगाच बटणं लावत होता. मी ऑक्सॅलिप्लॅटिन तिथेच थांबवलं आणि उरलेल्या सायकल नुसत्या कॅपेसिटाबीनवर दिल्या, पण हे औषध बंद केल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढू शकतो आणि त्यांचा वाढला, पूर्ण कधी गेलाच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक सायकलला पेशंटला माझ्यासमोर वरचं बटण लावून-काढून दाखवायला लावते. तुम्हीही घरी बघा. बटण, नाणं उचलणं, चप्पल पायातून निसटली तर कळतंय का. बधिरपणा टिकून राहायला लागला की ऑक्सॅलिप्लॅटिन सोडून गोळी चालू ठेवता येते, त्यात काही हरलेलं नसतं.

कॅपेसिटाबीनचा स्वतःचा त्रास म्हणजे तळहात-तळपाय लाल होऊन सोलणं. पहिल्या दिवसापासून साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा, गरम पाण्याने आंघोळ नाही, टाचेला घासणारी पादत्राणं नाहीत. चालताना दुखायला लागलं की गोळ्या थांबवून फोन करायचा. गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दोन डोसमध्ये साधारण १२ तास, एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. रक्त पातळ करायची वॉर्फरिन किंवा फिट्सची फेनिटॉइन चालू असेल तर आधी सांगा, दोन्हींची रक्तातली पातळी कॅपेसिटाबीनमुळे वाढते आणि ते धोक्याचं असतं. छातीत दुखलं तर गॅस समजून थांबू नका, हे औषध क्वचित हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडवतं, गोळी बंद आणि लगेच हॉस्पिटल.

पहिली सायकल सुरू व्हायच्या आधी एक रक्ततपासणी मागून घ्या, डीपीडीची. ५-एफयूच्या जातीची औषधं शरीरातून काढून टाकणारं हे एन्झाइम काही लोकांत जन्मतःच कमी असतं, आणि त्यांना नेहमीचा डोस पहिल्याच सायकलला जीवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्येच औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करायची शिफारस केलीय. रिपोर्टमध्ये कमतरता थोडी असेल तर कमी डोसने सुरू करता येतं, पूर्ण असेल तर ही औषधं द्यायचीच नाहीत. तपासणी नॉर्मल आली तरी पहिल्या सायकलला जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला चार वेळा जास्त झाले किंवा तोंड इतकं आलं की पाणी पिता येईना, तर उरलेल्या गोळ्या 'कोर्स पूर्ण करायचाय' म्हणून घ्यायच्या नाहीत. थांबवा आणि फोन करा. जठर काढलेल्या माणसात जुलाब लवकर पाणी खेचतात, किडनीवर ताण आला की औषध शरीरात साठतं आणि जुलाब आणखी वाढतात, हे चक्र दोन दिवसांत माणसाला आडवं करतं.

आणि ताप. ह्याबाबत मी फार कडक आहे. किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप, किंवा नुसती थंडी वाजून हुडहुडी, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. माझ्या एका पेशंटच्या घरच्यांनी तापाची गोळी देऊन, कपाळावर पट्ट्या ठेवून सकाळची वाट बघितली, डॉक्टरांना रात्री कशाला त्रास द्या म्हणून. सकाळी आणलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. नऊ दिवस आयसीयूत गेले, वाचले, पण पुढची किमो घ्यायची ताकद राहिली नाही. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना जंतुसंसर्गाला रात्रभराची मुभा देऊन चालत नाही. हॉस्पिटलचा रात्री उचलला जाणारा नंबर आजच घ्या आणि तो खरंच उचलला जातो का ते एकदा लावून बघा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. काढलेल्या कॅन्सरच्या, लॅबमध्ये जपून ठेवलेल्या तुकड्यावर (ब्लॉकवर) एमएसआयची तपासणी, म्हणजे पेशींची डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा बिघडलीय का ते बघणारी तपासणी, झालीय का बघा, नसेल तर करून घ्या. एमएसआय-हाय निघाला तर अशा कॅन्सरचं ऑपरेशननंतर मुळातच बरं चालतं आणि मोठ्या ट्रायलमधल्या अशा पेशंटचा हिशोब वेगळा काढला तेव्हा त्यांना किमोचा फायदा दिसला नाही, म्हणजे तुमचा सगळा निर्णय परत टेबलावर येतो. संख्या लहान होती, पण डॉक्टरांशी हे बोलायलाच हवं. हर-टू (काही कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह आला तर त्यासाठीचं ट्रॅस्टुझुमॅब पसरलेल्या आजारात चालतं हे २०१० पासून माहीत आहे, ऑपरेशननंतरच्या किमोत त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, त्यामुळे दिलं नाही म्हणून मनात काही आणू नका. इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या औषधांबद्दल, विचारलंत तर नुसत्या ऑपरेशननंतर किमोसोबत निवोलुमॅब देऊन आशियात बघितलं, फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये फ्लॉटसोबत ऑपरेशनच्या आधी आणि नंतर डुर्वालुमॅब देऊन चांगले निकाल आले, पण ते आधीपासून सुरू करणाऱ्यांसाठी, बाबांची ती वेळ गेली. रेडिएशन, तर २००१ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये त्याचा फायदा झाला होता, मात्र त्यात डी२ ऑपरेशन झालेले १० टक्केच होते. गाठींची सफाई नीट झाली असेल तर रेडिएशनने वर काही मिळत नाही हे कोरियातल्या ट्रायलनी दाखवलं. कडा क्लिअर, २८ गाठी, बाबांना त्याची गरज मला वाटत नाही. बी-१२ आणि लोह मात्र विसरू नका. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो, पूर्ण जठर काढलं असेल तर इंजेक्शन जन्मभर, थोडं राहिलं असेल तर दर सहा महिन्यांनी तपासून.

बाबांच्या कामाचं. पहिल्या दोन सायकल काही ठरवू नका, त्यांचं शरीर कसं वागतं ते त्या दोनमध्ये कळतं. बहुतेकांचा पहिला आठवडा मळमळ आणि थकव्यात जातो, दुसरा बरा, आणि गोळ्यांच्या सुट्टीचा तिसरा आठवडा चांगला जातो. बैठं काम असेल तर तिसऱ्या सायकलपासून त्या तिसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस जाऊन बघू दे, डबा सोबत, दर दोन तासांनी खायची मुभा आधीच मागून. सायकलच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका, म्हणजे त्यांना साहेबांना कुठले आठवडे सांगायचे ते कळेल. आणि पहिल्या भेटीला जाताना हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या भागाच्या तपासणीचा) पूर्ण रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि त्या दिवशी सकाळी केलेलं वजन घेऊन जा, आणि त्यांना स्वतःला आत बसवा. ठिपक्यांचा कागद त्यांच्यासमोर काढला गेला पाहिजे, तुमच्या एकट्यासमोर नाही.